शून्याचं झाड

सर पान तोडण्याआधी झाडाला विचारायचे. "येऊ का?" एवढंच. मग दोन पावलं पुढे जायचे, डावा हात खोडावर ठेवायचे, उजव्या हाताने एक पान खुडायचे आणि ओल्या पांढऱ्या रुमालात गुंडाळायचे. उत्तरासाठी थांबायचे नाहीत. पहिल्या दिवशी हे पाहिलं तेव्हा हसू दाबायला मी ओढणी तोंडात कोंबली होती. दुसऱ्या दिवशीही हसू आलं. तिसऱ्या दिवसापासून मात्र मला ते अंगण नको वाटायला लागलं.

का, ते धड सांगता येत नाही. अमरावतीची भर दुपार, गल्लीत चिटपाखरू नाही, आणि अंगणात ते एकच संत्र्याचं झाड. हिरवंगार. त्याच्याखाली पडलेलं पान मी कधी पाहिलं नाही. सर उचलत असतील, म्हणा. पण उचलताना कधी दिसले नाहीत.

मी अकोल्याच्या जुन्या शहरातली. अब्बूंचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. केमिस्ट्रीत एम.एस्सी. होऊन घरी बसले होते, तेव्हा अमरावतीच्या एका कॉलेजातले हे प्राध्यापक प्रकल्पासाठी मदतनीस शोधताहेत असं कळलं. मुलाखतीला गेले. सगळी सर्टिफिकेटं फाइलमध्ये लावून नेली होती. ती त्यांनी उघडलीसुद्धा नाहीत.

"सोल्डरिंग येते का तुले?"

"येतं."

"हात दाखव."

मी दोन्ही हात पुढे केले. बोटांवरचे भाजल्याचे जुने डाग त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिले आणि म्हणाले, "उद्यापासून ये. चपला बाहेर काढत जाय." झाली मुलाखत. मी अमरावतीतच खालाकडे, अम्मीच्या बहिणीकडे, राहायला गेले आणि पुढची तीन वर्षं या माणसाच्या तावडीत सापडले.

माणूस म्हणजे तऱ्हाच होती. शर्टाची फक्त पुढची बाजू इस्त्री करायचे. पाठ आपल्याला दिसत नाही, मग तिचे लाड कायले, असं म्हणायचे. घरातल्या मागच्या खोलीतच प्रयोगशाळा होती. तिथे दोन खुर्च्या. एकीवर ते. दुसरीवर मी एकदा बसले, तर सर असे दचकले की मलाच धडकी भरली. "ते रिकामी राहू दे," म्हणाले. तेव्हापासून मी स्टुलावर. काम चालू असताना पंखा बंद. मे महिन्यातसुद्धा! घामाच्या धारा लागायच्या, पण बोलायची सोय नाही. "धागा लपेटून रायला," ते कुजबुजायचे, "त्याले काम करू दे."

आता हा धागा कुठला, ते सांगते. त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यांची नावं पेपरात रोज एकाच कारणासाठी छापून यायची. दिल्लीहून साहेबांच्या गाड्या यायच्या, धूळ उडवून परत जायच्या. कापसाचं बोलायला सगळे होते. संत्र्याच्या बागा उभ्या वाळत होत्या, त्यांचं बोलायला फारसं कोणी नव्हतं. बाग वाळायला कारणं दहा असतात, त्यातलं एक म्हणजे विषाणू. हा विषाणू झाडात वर्षानुवर्षं गुपचूप बसतो. झाड हिरवं, फळ गोड, वरून काही म्हणता काही दिसत नाही. आणि त्याच झाडाचा डोळा काढून, म्हणजे फांदीवरची कोंबाची गाठ काढून, दुसऱ्या रोपावर भरला, की कलमाबरोबर रोगही गेला. एका झाडापासून हजार बागांत.

सरांना तो विषाणू झाड हिरवं असतानाच पकडायचा होता. सोन्याची बारीक तार. तिच्या टोकावर डीएनएचे आखूड धागे उभे केलेले. प्रत्येक धाग्याच्या शेंड्याला एक निळा रेणू. पानाचा रस टाकला आणि त्यात विषाणूच्या अंगावरचं प्रोटीन असलं, की धागा त्याला लपेटतो, वाकतो, निळा शेंडा सोन्याजवळ येतो आणि करंट वाढतो. कोणता धागा त्या एकाच प्रोटीनला ओळखतो, हे सरांनी लाखो धाग्यांतून चाळून चाळून काढलं होतं. हे जगात इतरही लोक करतात. यात भुताटकी काही नाही. मी स्वतःला हे रोज सांगायची.

पण ती तार होती सरांच्या मिसेसच्या कानातल्याची. त्या जाऊन सहा वर्षं झाली होती. सराफ्यात कानातलं गाळून, सोनं शुद्ध करून, सरांनी तार ओढून आणली होती. "तिले ऐकायची सवय हाय," मला म्हणाले होते. मी नुसती मान हलवली.

आणि अंगणातलं झाडही मिसेसनीच लावलेलं. सर त्याला बाईचं झाड म्हणत. कधी नुसतंच बाई.

कसलंही मोजमाप करायचं तर आधी शून्य लागतं. निरोगी पानाचा रस घ्यायचा, तो जे दाखवेल ते शून्य मानायचं, आणि बाकी सगळ्यांना त्याच्याशी ताडून पाहायचं. आमचं शून्य म्हणजे बाईचं झाड. "याच्याहून निरोगी झाड जिल्ह्यात दाखव मले," सर म्हणायचे. आणि खरंच, नव्हतंच तसं झाड कुठे.

पहिल्या वर्षी आमच्याकडे सुईचा मीटर होता. सुई उजवीकडे गेली की प्रोटीन शून्यापेक्षा जास्त, डावीकडे गेली की कमी. सरांच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता, सुई दिसायची नाही. मग माझ्यातली रेडिओवाल्याची पोरगी जागी झाली. अब्बूंच्या दुकानातून एका मेलेल्या रेडिओचा स्पीकर आणला. सुईऐवजी आवाज. शून्यावर चूप, आणि फरक वाढेल तसा आवाज मोठा. त्यासाठी चार डायोडांची जोडणी केली, म्हणजे करंट कुठल्याही बाजूने आला तरी स्पीकरला सरळच मिळावा. अब्बूंनी चष्म्यावरून पाहिलं. "बेटा, सुई तो बताती है किधर गई. स्पीकर सिर्फ चिल्लाता है."

मी म्हटलं, "चिल्लाया तो काफी है." मोठी शहाणी होते ना!

आवाज कसा होता? घशातल्या घशात कोणी हुं म्हणावं आणि म्हणतच राहावं, तसा. सुरुवातीला बाईच्या पानाचा रस टाकून बटण फिरवायचं. आवाज बारीक होत होत बंद व्हायचा. "हं. चूप झाली," सर म्हणायचे आणि डोळे मिटायचे. मग खुर्चीत तसेच बसायचे, कधी दहा मिनिटं, कधी जास्त. खरं सांगते, मला आवाजाची भीती नव्हती, त्या चूप होण्याची होती. कारण सर त्या शांततेशी बोलायचे. रिकाम्या खुर्चीकडे बघून, अगदी हळू. "आज वरण खारट झालं." "पोस्टमन आला होता." "पोरगी हुशार हाय, पन तोंडाळ हाय." मी स्टुलावर बसून फरशा मोजायची. सत्तावीस होत्या.

मशीन कच्चं आहे म्हणून सर बाहेर कोणाला निकाल सांगत नसत. एकच अपवाद केला, आणि तोच आम्हाला भोवला.

नांदगाव पेठेच्या कापडाच्या कारखान्यांपलीकडे एक नर्सरी होती. माळ्यांच्या घरातल्या एक ताई ती चालवायच्या. सरांच्या मिसेसची आणि त्यांची एकाच गावातली लहानपणची मैत्री, म्हणून त्या सरांना जवाईबापू म्हणायच्या आणि त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर सांभाळायच्या. त्यांच्याकडे संत्र्याची अकरा मोठी झाडं होती. सासऱ्यांनी लावलेली, नंबर घातलेली. याच झाडांचे डोळे जंबेरी लिंबाच्या रोपांवर भरून त्या कलमं करायच्या. त्यांच्या कलमांना नाव होतं. लोक वरुड-मोर्शीकडूनही यायचे. ती अकरा झाडं म्हणजे ताईंचं घर, शेत, अब्रू, जे म्हणाल ते. मी रुजू झाले त्याच हिवाळ्यात ताईंनी मला सातव्या झाडाची संत्री पिशवीभर दिली होती. "घरी ने वं, मायले दे. हे सगळ्यात गोड." अम्मीने खाल्ली आणि एक बी रंगाच्या रिकाम्या डब्यात खोचली.

पुढच्या दिवाळीनंतर आम्ही मशीन घेऊन तिथे गेलो. ताईंनी सतरंजी घातली, चहा दिला. बाईच्या पानावर शून्य धरलं आणि अकरा झाडं एकेक करून तपासली. एक नंबर चूप. दोन चूप. तीन चूप. चौथ्याला स्पीकर हुंकारला. ताईंचा हात कपाळाकडे गेला. पाच, सहा चूप. सातव्याला पुन्हा. पुढची सगळी चूप.

"हे दोन," सर म्हणाले.

"काय झालं त्याईले? हिरवे तं हायेत."

"मेले हायेत, ताई. त्याईले अजून कोनी सांगतलं नाई."

ते हे असं काही बोलले की माझ्या मानेवर काटा आला. भर उन्हात. ताई सातव्या झाडाजवळ गेल्या. झाड फळांनी लगडलं होतं. "जवाईबापू, सासऱ्याच्या हातचं हाय. अजून एक डाव पायसान का?"

सरांनी पुन्हा पाहिलं. पुन्हा तोच आवाज. जवाईबापूंचा शब्द, आणि तोही शिकलेल्या माणसाचा. ताईंनी मजूर बोलावले, आधी दोन्ही झाडांना हात जोडले, आणि दुपारच्या आत ती खाली आली. निघताना त्या उगीच मन रमवायला म्हणाल्या, "तुमच्या अंगनातलं झाड बी इथलंच हाय, जवाईबापू. पहिल्या नंबराचा डोळा मीच भरून देल्ला होता तिले."

हे वाक्य मी ऐकलं. सरांनी ऐकलं. एक एम.एस्सी., एक पीएच.डी. दोघांपैकी कोणाच्याही डोक्यात उजेड पडला नाही. मी तर चहाचे कप गोळा करत होते. त्या हिवाळ्यात ताईंनी उरलेल्या नऊ झाडांचे डोळे काढून आठ हजार कलमं भरली.

दीड वर्षांनी, मे महिन्यात, अकोल्याला कृषी विद्यापीठाच्या लोकांना मशीन दाखवायचं ठरलं. अकराही झाडांचे रस आम्ही बर्फात जपून ठेवले होते, तोडलेल्या दोन्हींचेही. ते थर्मासमध्ये घेतले. बाईचं पान रुमालात. एसटीत अशी भट्टी पेटली होती की मूर्तिजापूर यायच्या आत रुमाल सुकला आणि पान काळवंडून गेलं. सर लहान मुलासारखे कावरेबावरे झाले.

"आमच्या घरी संत्र्याचं रोप आहे," मी म्हटलं. "डब्यात. बियाचं."

"माही ओळख नाई तिची."

"रोग बियातून उतरत नाही, तुम्हीच शिकवलं ना? आणि आमच्या गल्लीत बाग सोडा, दुसरं झाड नाही."

अकोल्यात उतरल्यावर, कृषीच्या लोकांकडे जाण्याआधी मशीन तपासून घ्यावं म्हणून अब्बूंच्या दुकानात बसलो. दुपारची वेळ, शटर अर्धं खाली, चारी बाजूंना उघडे पडलेले मुके रेडिओ. मी डब्यातल्या रोपाचं पान चुरडलं, रस टाकला, बटण फिरवून आवाज बंद केला. मग एक नंबरचा रस टाकला.

स्पीकर हुंकारला.

दोन नंबर. हुंकारला. तीन. हुंकारला. त्या अंधाऱ्या दुकानात, एवढ्या मेलेल्या रेडिओंमध्ये, तो आवाज जणू कुठल्याही डब्यातून येत होता. चौथा रस टाकला. चूप. सातवा टाकला. चूप.

"उलटं हाय," सर म्हणाले. "बिघडलं मशीन."

अब्बू उठले. माझा स्पीकर काढला, डायोड बाजूला केले आणि जुना सुईचा मीटर जोडला. रोपाच्या शून्यावर नऊ झाडांची सुई उजवीकडे गेली. चौथ्या-सातव्याची जागची हलली नाही. मग अब्बू म्हणाले, "अब वो जो जला हुआ पत्ता है, उसको झीरो करो." बाईचं काळवंडलेलं पान शून्य केलं. नऊ झाडांची सुई हलली नाही. चौथा टाकला, सातवा टाकला. सुई डावीकडे गेली.

डावीकडे. म्हणजे प्रोटीन बाईपेक्षा कमी. म्हणजे ती दोनच झाडं निरोगी होती. बाई पहिल्या झाडाची लेक, तिच्यात तोच रोग, म्हणून आजारी झाडांना ती आपल्यासारखं समजून चूप बसत होती आणि निरोगी झाडांना हुंकारत होती. सुई असती तर डावीकडे गेलेली दिसली असती. माझ्या चार डायोडांनी डावं-उजवं एक करून टाकलं होतं. आम्ही अकरातली दोन चांगली झाडं शोधून काढली, आणि तोडायला लावली.

मी रडायलाच लागले. अब्बूंसमोर, सरांसमोर, लाज सोडून. सर म्हणाले, "रडू नको वं. डायोड मी बी पायले होते." मग म्हणाले, "थो स्पीकर लाव परत."

मी लावला. त्यांनी स्वतः रोपाच्या पानावर शून्य धरलं आणि बाईच्या पानाचा रस टाकला. इतका मोठा आवाज त्या मशीनने कधी काढला नव्हता. शटर थरथरलं असं मला वाटलं. सर कान पुढे करून ऐकत राहिले.

"इतके दिवस बोलून रायली होती," ते म्हणाले. "आपन तिलेच शून्य केलं."

कृषीच्या लोकांकडे आम्ही रस तपासायला देऊन आलो, त्यांच्या जुन्या पद्धतीने. निकाल आठ दिवसांनी मिळणार होता. मी म्हटलं, "सर, तोवर थांबू. खात्री होऊ द्या." मी भित्री, दुसरं काय.

"आठ दिवसात ताईचे ट्रॅक्टर भरतीन," सर म्हणाले. "किती घरं नासतीन." स्पीकर त्यांनी अब्बूंच्या बाकावरच ठेवला. "हे इथंच राहू दे आता." सोन्याची तार तेवढी काढून खिशात घातली. मिळेल त्या एसटीने आम्ही परत निघालो आणि घरी न जाता सरळ नर्सरीत.

ताई कलमांना पाणी देत होत्या. गुडघ्याएवढी, तकतकीत, ओळीने आठ हजार. सरांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, काही मऊ केलं नाही. ताईंनी पाण्याचा पाइप खाली ठेवला.

"मंग ते दोन कावून तोडले?"

"मी सांगतलं म्हनून."

मी मध्ये बोलायला गेले, की चूक माझ्या जोडणीची होती. सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की तोंड मिटलं.

ताई मातीतच बसल्या. मग म्हणाल्या, "तुमी जवाई नसते, तं मी तोडले नसते." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "अन् तिच्या हातचं झाड? अंगनातलं?"

"ते बी."

ताई उठल्या, पहिल्या ओळीतलं पहिलं कलम धरलं आणि मुळासकट उपटलं. मग दुसरं. मजूर बघत राहिले. मी दप्तर खाली टाकून त्यांच्या शेजारी वाकले. तीन दिवस उपटत होतो. सरांच्या हाताला फोड आले होते, तरी ते ओळ सोडायला तयार नव्हते. ताई त्यांच्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत, पण दुपारी त्यांची भाकरी वाढून ठेवायच्या.

चौथ्या दिवशी मी अकोल्याहून रंगाचा डबा आणला. "सातव्याचं आहे," म्हटलं. "तुम्हीच संत्री दिली होती." ताईंनी डबा मांडीवर घेतला आणि हमसून हमसून रडल्या. मग तो घरात खिडकीशी ठेवला आणि रोग आणणारा मावा बसू नये म्हणून त्यावर मच्छरदाणी बांधली, पाळण्यावर बांधतात तशी. आज त्यांची नर्सरी उभी आहे ती त्या एका डब्यावर. पण त्याला किती वर्षं लागली, ते त्याच जाणोत.

आठव्या दिवशी अकोल्याचा निकाल आला. तोच.

मी सरांकडे गेले तेव्हा ते अंगणात होते. हातात कुऱ्हाड. शर्टाला पुढून कडक इस्त्री. दुपारचं ऊन सरळ डोक्यावर. झाड नेहमीसारखं, एक पान खाली नाही. सर दोन पावलं अलीकडे उभे राहिले.

"येऊ का?"

आणि पहिल्यांदाच उत्तरासाठी थांबले. मी त्यांच्यामागे उभी होते. फरशीचा चटका चपलांतून लागत होता, पण पाय हलवायची हिंमत होईना. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी त्यांनी मागे न पाहता कुऱ्हाड माझ्याकडे केली.

"तू कर," म्हणाले. "तुही ओळख नाई तिची."

मी कुऱ्हाड घेतली. उचलली. आणि आवाज आला. हुं. घशातल्या घशात, लांब. स्पीकर अकोल्यात अब्बूंच्या बाकावर होता, तार सरांच्या खिशात. मी वळून पाहिलं. सर तोंडावर रुमाल घट्ट दाबून उभे होते, डोळे मिटलेले. आवाज त्यांचाच असणार. मी तेव्हाही हेच म्हटलं, आजही हेच म्हणते.

सरांनी होकाराची मान हलवली. मग मी घाव घातला.